नकाशातला नळ

अकोला,
१४ मार्च १९६१

ती. बाबांना अनुपमाचा साष्टांग नमस्कार.

मोर्शीच्या मामांनी तुमच्याकडे पाठवलेल्या संत्र्यांतली अर्धी पेटी आईने इकडे पाठवली, ती पोचली. सिंधूने दोन दिवसांत निम्मी फस्त केली आणि आता तोंड आलं म्हणून रडते आहे. आठ वर्षांची झाली तरी अक्कल दुधाच्या दातांबरोबर पडून गेल्यासारखी वागते.

आता कामाचं. होळी झाल्यापासून आमच्या गल्लीत नळाच्या पाण्याला वास येतोय. उन्हाळ्यामुळे पाणी सकाळी एकच तास असतं. त्यात पहिल्या दोन बादल्या चक्क नालीसारख्या काळ्या. समोरच्या दुर्गाबाई, ज्यांनी माझ्या बाळंतपणात सिंधूला चाळीस दिवस न्हाऊ घातलं, त्या म्हणतात की हे पाणी तुळशीलाही घालवत नाही. पण प्यायला दुसरं आहे कुठे?

यांच्या शाळेची परीक्षा तोंडावर आली आहे, म्हणून म्युनिसिपल कमिटीच्या ऑफिसात मीच खेटे घालते आहे. नळ कुठे फुटला ते बघायला रस्ता खोदायचा, तर आधी परवाना लागतो. परवान्याच्या टेबलावर शेषराव नावाचे कारकून आहेत. आमच्या गल्लीच्या तोंडाशी जी बौद्ध वस्ती आहे ना, तिथलेच. त्यांनी जुन्या दप्तरातून एक्कावन सालचा नकाशा काढला, आणि काय सांगू बाबा, कोपऱ्यात तुमची सही! तीच लांब शेपटाची. मी तिथल्या तिथे सगळ्यांना सांगितलं की हा नळ माझ्या वडिलांनी टाकलेला आहे.

नकाशात नळ पारापासून निघून वस्तीच्या कोपऱ्यावरून, रस्त्याच्या मधोमध आमच्या गल्लीत येतो. मी म्हटलं, मग अर्जात पाराजवळची जागा लिहा. शेषराव घुटमळले. म्हणाले, “ताई, जागा लिहायच्या आधी एक डाव तुमच्या बाबाले पुसून घ्या.” मला त्याचा रागच आला. सही समोर असताना विचारायचं काय? पण त्यांचंही खरं असेल. एका परवान्यात एकच खड्डा, सहा फूट बाय तीन. त्या रस्त्यावर गेल्याच महिन्यात डांबर पडलं आहे, तेव्हा दुसरा खड्डा सहजी मिळणार नाही म्हणतात.

म्हणून दोन ओळी लिहून पाठवा, म्हणजे त्यांच्या टेबलावर आपटते.

तुमची,
अनुपमा

---

अमरावती,
१७ मार्च १९६१

चि. सौ. अनुपमास अनेक आशीर्वाद.

पत्र गुढीच्या दिवशीच मिळालं. तुझी आई उद्या गुरुकुंजला मोझरीस जाते आहे, चार दिवस तिथेच राहील. मी एकटा आणि माझी खिचडी.

पाण्याचं म्हणशील तर उन्हाळ्यात थोडा वास येतोच. वीस मिनिटं खळखळ उकळून, दुहेरी फडक्याने गाळून, तुरटी फिरवून घेत जा. सिंधूला कच्चं पाणी एक घोटही देऊ नकोस. त्याहून चांगलं म्हणजे तिला घेऊन महिनाभर इकडेच ये. रविकांतरावांना परीक्षेच्या दिवसांत घर शांत मिळेल.

कमिटीच्या पायऱ्या झिजवत बसू नकोस. त्या खात्यात मी तीस वर्षं काढली आहेत, अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला किती ऋतू जातात ते मला ठाऊक आहे. कारकून लोकांना काही ना काही शंका काढण्याची सवय असते. सही माझी आहे तर माझीच असणार. नकाशा असतो तो नकाशा.

पण खोदण्याचा हट्ट तूर्त सोड. पाऊस पडला की पाणी वाढेल आणि वासही जाईल.

तुझा,
बाबा

---

अकोला,
२४ मार्च १९६१

ती. बाबांना सा. नमस्कार.

हे पत्र मी सिंधूच्या उशाशी बसून लिहिते आहे. सोमवारपासून तिला ताप आहे. सकाळी उतरल्यासारखा वाटतो आणि संध्याकाळी पुन्हा चढतो. डॉक्टर आज म्हणाले की मुदतीचा ताप दिसतो. गल्लीत आमच्या घराखेरीज आणखी तीन घरांत हीच तऱ्हा आहे. दुर्गाबाईही आडव्या झाल्या आहेत. मी पाणी उकळत होते बाबा, तुमचं पत्र आल्यापासून तर घड्याळ लावून. पण त्याआधीचे पंधरा दिवस कुठून परत आणू?

आता तिकडे येण्याचं विचारूच नका, तिला हलवायची नाही असं डॉक्टरांनी बजावलं आहे.

एक काम मात्र झालं. तुमचं पत्र घेऊन मी थेट कमिटीत गेले आणि ‘नकाशा असतो तो नकाशा’ ही ओळ शेषरावांना वाचून दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचली. मग विचारलं, “नळ इथंच हाय, असं कुठं लिवलं ताई त्याइनं?” मी म्हटलं, माझे वडील खोट्या कागदावर सही करणारे नव्हेत. मग त्यांनी अर्जात मी सांगितली तीच जागा लिहिली, पाराच्या ओट्यापासून दहा फूट, आणि साहेबांच्या सहीसाठी आत नेली. दोन दिवसांत परवाना हातात पडला. रात्री खड्ड्यावर कंदील लावायचा, आठ दिवसांत माती भरायची, सगळ्या अटी लाल शाईत.

येत्या सोमवारी सकाळी खोदायला सुरुवात होईल. गल्लीतले सगळे मला म्हणताहेत की ओव्हरसियरची मुलगी आहे म्हणून इतक्या लवकर झालं. सिंधू झोपेत पाणी पाणी करते, तेव्हा मला तेवढाच एक धीर आहे.

अनुपमा

---

अमरावती,
२६ मार्च १९६१

चि. अनुपमा,

पत्र वाचलं. सिंधूच्या तापाचा आकडा रोज कार्डावर लिहून टाकत जा. पथ्याला फक्त ताकाची निवळ आणि मोसंबीचा रस.

पाराजवळचं खोदकाम थांबव. त्या जागी काही मिळायचं नाही. साहेबांना सांग, वडिलांनी कळवलं आहे की सध्या नको. कारण पत्रात लिहिण्यासारखं नाही, भेटीत सांगेन. माझा गुडघा धड असता तर आजच्या गाडीने निघालो असतो.

माझं पत्र तू कमिटीत दाखवायला नको होतंस. घरातली पत्रं घरात राहावीत.

बाबा

---

अकोला,
३१ मार्च १९६१

ती. बाबांना,

तुमचं पत्र मंगळवारी आलं. खड्डा सोमवारी खोदून झाला होता.

साडेपाच फूट गेले. वर डांबर, त्याखाली खडी, मग पिवळा मुरूम, आणि तो मुरूम असा घट्ट की त्याला आजवर कुणाची कुदळ लागलीच नव्हती. नळ नाही. नळाचा तुकडा नाही. गल्लीतले लोक काठावर उभे होते, ते हळूहळू घरी गेले. साहेबांनी खड्ड्यात बघितलं, नकाशात बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. म्हणाले की आता पक्क्या पुराव्याशिवाय दुसरा परवाना देता येत नाही, असे अंदाजाने खड्डे खणले तर सगळी गल्ली चाळण होईल.

परवा, बुधवारी, दुर्गाबाई गेल्या.

मी त्यांच्या पायाशी बसले होते. शेवटी त्यांनी सिंधूचं विचारलं.

कालची गोष्ट मुद्दाम सविस्तर सांगते, नीट वाचा. शेषराव ऑफिस सुटल्यावर घरी आले. दारातच उभे राहिले. मी बसा म्हटलं तेव्हा बसले. म्हणाले की त्यांचे वडील पुंजाजी एक्कावन साली तुमच्या हाताखाली खोदकामावर होते, मी एकदा त्यांना भेटावं. मी त्यांच्यामागे वस्तीत गेले. लग्नाला नऊ वर्षं झाली, वस्ती आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे, आणि मी तिथे पहिल्यांदा गेले.

पुंजाजीबाबा आता थकले आहेत, डोळ्यांना कमी दिसतं. पण मला घेऊन ते आमच्या घरामागच्या बोळात गेले आणि पायाने नालीच्या कडेची जमीन दाबून दाखवली. “इथं हाय नळ. या नालीच्या बुडाशी. मीच खोदला. पानी बंद झालं की नळ खाली होते, अन् सांध्यातून नालीचं पानी आत ओढते.” मी विचारलं, नळ इकडे का वळवला? ते म्हणाले, “ते मी कायले सांगू बाई? तुमच्या बाबाले पुसा.”

शेषरावांना हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी म्हटलं, मग तुम्ही बोलला का नाहीत? ते म्हणाले, सही केलेल्या नकाशापुढे खोदणाऱ्या माणसाच्या तोंडी शब्दाला कमिटीत कोण विचारतं. त्यांना वाटलं होतं की तुम्ही स्वतःच लिहाल.

आणखी एक. वस्तीत कुणाला ताप नाही. त्यांच्याकडे नळच नाही, ते त्यांच्या विहिरीचं पाणी पितात. पुंजाजीबाबांच्या सुंदराबाईंनी माझी रिकामी कळशी बघितली आणि विचारलं, “बाई, आमच्या हिरीचं पानी चालते का तुमाले?” मी हो म्हटलं, पण मान वर करून म्हणता आलं नाही. आज सकाळी तिथे आमच्या गल्लीतल्या अकरा बायका रांगेत होत्या.

सिंधूचा ताप आज एकशे तीन.

बाबा, कारण भेटीत नको. पत्रात हवं, आणि साहेबांना दाखवता येईल असं हवं. तुमची घरातली पत्रं मी यापुढेही दाखवणार आहे.

अनुपमा

---

अमरावती,
३ एप्रिल १९६१

चि. अनुपमा,

सोबत साहेबांच्या नावाचं निवेदन आहे, खाली सही आणि तारीख. माझी जुनी मोजणीवही ट्रंकेत होती, तिचं पान फाडून जोडलं आहे. नकाशात नाही ते त्या वहीत आहे. तुमच्या परसाच्या भिंतीच्या कोपऱ्यापासून बोळात चौदा फूट, तिथे वळण, साडेतीन फूट खोल. नळ बिडाचा आहे, सांधे शिशाचे. पहिला सांधा त्या वळणावरच आहे आणि तोच गेला असणार.

निवेदनात आधी मी लिहिलं होतं की समोर खडक लागला म्हणून नळ वळवावा लागला. तो कागद दिवसभर टेबलावर होता. संध्याकाळी तुझ्या आईने वाचला आणि म्हणाली, खड्डा तर खोदून झाला, तिथे मुरूम निघाला ना? मग मी तो फाडला.

खडक नव्हता. मंजुरीप्रमाणे नळ समोरूनच यायचा होता आणि वस्तीच्या कोपऱ्यावर एक सार्वजनिक तोटी बसायची होती. खोदायला आखणीही झाली होती. तेव्हा तुझे सासरे, कमलाकांतराव, गल्लीतल्या चार प्रतिष्ठितांना घेऊन माझ्याकडे आले. त्यांचं म्हणणं एकच होतं. आधी त्या लोकांच्या तोटीला आणि तिथून पुढे आमच्या देवघरात, असं पाणी आम्हाला नको. मी म्हटलं की पाणी एकच, तलावही एकच. ते हसले. मग म्हणाले, तुमच्या अनुपमाची पत्रिका आम्ही बघितली आहे, जमते आहे.

तेव्हा तू एकोणीस वर्षांची होतीस आणि तीन स्थळं परत गेली होती. मी रात्रभर विचार केला असं लिहिलं तर खोटं होईल. मी तिथेच मान हलवली. नळ मागच्या बोळातून नेला, नालीच्या बुडाशी, जिथे कुठलाही शिकाऊ ओव्हरसियरसुद्धा नेणार नाही. आणि काम पूर्ण झाल्याचा नकाशा मंजुरीबरहुकूम काढून सही केली. तोटी बसवल्याचंही लिहिलं. कागद नागपूरला गेले, ते सरकारही पुढे बदललं, कुणी तपासायला आलं नाही. पुढच्या वैशाखात तुझं लग्न झालं.

हे सगळं निवेदनात आहे, फक्त तुझं नाव नाही. पेन्शनचं काय व्हायचं ते होवो.

सतरा तारखेला मी तुला चार शब्द खरे लिहिले असते तर दुर्गाबाई वाचल्या असत्या का, हे मी दर तासाला मनात मोजतो. ताप त्यांच्या अंगात आधीच भिनला असेल, असं डॉक्टर म्हणतील. मला तसं म्हणण्याचा हक्क नाही. तुझ्या पहिल्या पत्रात वासाचं वाचलं त्याच क्षणी मला कळलं होतं की कुठला सांधा गेला. कळूनही मी तुला तुरटी फिरवायला सांगितलं. भ्यालो होतो, एवढंच कारण आहे.

आमच्या खात्यात एक रीत होती. नळाला वळण दिलं की तिथे न कुजणारी एखादी वस्तू खूण म्हणून पुरायची. मी पुंजाजीला पुरायला सांगितलं होतं. काय पुरलं ते बघायला थांबलो नाही. त्या दिवशी मला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

सिंधूचं लगेच कळव.

चिंतामण

---

अकोला,
१५ एप्रिल १९६१

ती. बाबा,

आधी सिंधूचं. एकविसाव्या दिवशी ताप उतरला. काल तिने पेज खाल्ली आणि संत्रं मागितलं. केस मुठीमुठीने गळताहेत, पण डॉक्टर म्हणाले की परत येतील.

हे तुम्हाला मी सहा दिवसांपूर्वीच कळवू शकले असते. कळवलं नाही. तुमचं निवेदन कमिटीत दिलं आणि पत्र यांना वाचायला दिलं. हे बराच वेळ मामंजींच्या फोटोसमोर बसले होते. मग पेपर तपासायला घेतले, पण एकाही पेपरवर लाल रेघ उमटली नाही.

निवेदनात माझं नाव घातलं नाहीत, ते कुणावर उपकार म्हणून? माझ्या लग्नासाठी त्या लोकांचं पाणी वळवताना मला एकदा विचारलं होतंत? मी नको म्हटलं असतं, असं आता छातीवर हात ठेवून सांगता येत नाही, आणि त्याचाच मला जास्त राग येतो. नऊ वर्षं मी त्या नळावर स्वयंपाक केला, देवाला पाणी घातलं. वस्तीतल्या बायका डोक्यावरून घागरी नेताना रोज दिसायच्या. मला कधी प्रश्नही पडला नाही.

दुसरा परवाना बाराला निघाला. तेराला सकाळी बोळात खोदलं. दुसऱ्या दिवशी वस्तीत जयंतीची मिरवणूक होती, तरी खोदायला माणसं तिथलीच आली. शेषराव रजा टाकून काठावर उभे होते. चौदा फुटांवर, साडेतीन फूट खोल, तुमच्या वहीत आहे तसंच. सांध्याचं शिसं हाताने निघून आलं. नालीचं पाणी त्यातून आत झिरपताना आम्ही सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं.

कुदळ आधी दुसऱ्याच कशाला तरी लागली होती. चिखलाने माखलेला लहानसा गोळा होता. पुंजाजीबाबांनी तो मागून घेतला, धोतराने पुसला. पितळी तोटी होती बाबा. वस्तीच्या कोपऱ्यासाठी स्टोअरमधून आलेली, तुमच्या नकाशात बसवलेली.

मी विचारलं, तुम्ही हीच का पुरलीत? ते म्हणाले, “साहेब बोलले, न सडनारं काही पूर. आमचं पानी जिथं मुरडलं, तिथंच ठेवली.”

दहा वर्षं ते त्या जागेवरून जात-येत होते. सुंदराबाईंनाही सांगितलं नव्हतं.

सांधा नवा झाला आहे, पण साहेब म्हणाले की नळ नालीखाली ठेवायचा नाही, समोरून नवा टाकायचा. शेषरावांनी लगेच त्यात वस्तीच्या तोटीचं कलम घातलं. साहेब म्हणाले, त्यासाठी सभेची नवी मंजुरी लागेल, वर्ष जाईल. शेषरावांनी तुमचा नकाशा पुढे सरकवला. एक्कावनची मंजुरी कुणी रद्द केलेली नाही, काम तेवढं व्हायचं राहिलं आहे, असं शांतपणे सांगितलं. साहेबांनी सही केली. पुढच्या रविवारी तोटी बसेल.

तुम्हाला काय लिहावं ते मला अजून कळत नाही.

अनुपमा

---

अमरावती,
१८ एप्रिल १९६१

चि. अनुपमा,

सिंधूचं वाचून तुझी आई देवासमोर बसून रडली. मी अंगणात जाऊन रडलो.

तोटीचं वाचलं. पुन्हा वाचायचं धाडस झालं नाही.

रविवारी मला यावंसं वाटतं. गुडघ्याचं मी बघून घेईन. तुझ्या घरी उतरण्याचा आग्रह नाही, स्टेशनवरूनही परत जाईन. पण आधी पुंजाजीला विचार, मी आलो तर त्याला चालेल का. तो नको म्हणाला तर तसं कळव, मी वाईट वाटून घेणार नाही. म्हणजे वाटेल, पण येणार नाही.

बाबा

---

अकोला,
२० एप्रिल १९६१

ती. बाबांना नमस्कार.

कार्ड मिळालं तेव्हाच वस्तीत गेले. पुंजाजीबाबा ओट्यावर बसून राखेने तोटी घासत होते. ती आता इतकी चकचकीत झाली आहे की सुंदराबाई म्हणतात, बसवल्यावर कुणी पळवून नेईल. मी तुमचं कार्ड वाचून दाखवलं. त्यांनी घासणं थांबवलं नाही. मला वाटलं नाहीच म्हणतात. मग म्हणाले, “येऊ द्या त्याइले. पाना संग आना म्हनाव. तोटी त्याइच्याच हातानं बसली पायजे.”

तेव्हा रविवारी सकाळच्या गाडीने या. हे स्टेशनवर येतील. घरी नंतर या, आधी वस्तीच्या कोपऱ्यावर जा, मी तिथेच असेन. पाना मोठा आणा, इथल्या मिस्त्रीकडचा झिजला आहे.

तोटी बसल्यावर पहिली घागर सुंदराबाई भरतील. दुसरी मी भरणार आहे, सिंधूसाठी.

तुमची,
अनुपमा